कुड्याची साल आणि माझी जीभ

माझं लग्न ठरलं तेव्हा नवरा नेमकं काय काम करतो हे मला कुणी धड सांगितलं नव्हतं. गडहिंग्लजला आमच्या घरी एवढंच कळलं होतं की मुलगा शेतकऱ्याचा असून महाराजांनी काढलेल्या बोर्डिंगात राहून शिकला, मुंबईची परीक्षा पास झाला, आणि आता कोल्हापुरात कॉलेजात रसायनशास्त्राच्या गोऱ्या प्रोफेसराच्या हाताखाली आहे. वडिलांना तेवढं पुरलं. मला कुणी विचारलंच नव्हतं.

मंगळवार पेठेतल्या घरात पाऊल टाकलं तेव्हा आधी नाकात शिरला तो वास. ओलं लाकूड कुजावं तसा, आणि त्यात काहीतरी जळकं. मागच्या पडवीत एक जादा चूल होती आणि तिच्यावर काळपट पाण्यात सालीचे तुकडे रटरटत होते. मी बघत उभी राहिले तशा सासूबाई म्हणाल्या, "कुड्याची साल हाय ती. त्येला काय इचारू नगंस. इचारलंस तर सांगत बसंल."

मी न विचारताही ह्यांनी सांगितलं. पावसाळा आला की गावोगाव रक्ती आंव सुरू होते, पोरंबाळं दगावतात. कुड्याच्या सालीचा काढा आजोबा-पणज्यांपासून देतात. कधी गुण येतो, कधी अजिबात येत नाही, म्हणून इंग्रज डॉक्टरांनी ती साल कुचकामी ठरवून टाकली. ह्यांना त्या सालीतला नेमका गुण देणारा पदार्थ वेगळा काढायचा होता. तो कडू असतो. तो बाटलीत भरून दर वेळी सारख्याच ताकदीचा देता आला पाहिजे, असं ह्यांचं म्हणणं. काम चांगलं होतं. मी ते तेव्हाही नाकारलं नाही आणि आजही नाकारत नाही. माझं भांडण कामाशी नव्हतंच.

कॉलेजात ह्यांना कुणी उभं करत नव्हतं. प्रोफेसर साहेबाच्या मते प्रयोगशाळा ही पोरांना ठरलेले प्रयोग दाखवायची जागा होती, झाडपाला उकळायची नव्हे. संध्याकाळी तो खोलीला कुलूप लावून किल्ली खिशात घालायचा. बाकीचे मास्तर ह्यांना पाठीमागं 'काढेवाला' म्हणत, आणि काही जण तोंडावरही. शेतकऱ्याचा पोरगा महाराजांच्या मेहेरबानीनं इथवर आला, त्यानं गप्प नोकरी करावी, असा एकूण सूर. तो सगळा अपमान हे घरी घेऊन यायचे आणि पडवीत उकळत बसायचे. तिथनं तो आमच्या ताटात उतरायचा.

एकदा खरंच ताटात उतरला. रात्री सगळे जेवायला बसले होते. मी पहिला घास तोंडात घातला आणि थुंकले.

"भात कडू झालाय," मी म्हणाले.

सासूबाईंनी खाऊन बघितलं. "कुठं कडू हाय? थेरं करतीस व्हय?"

दीर खात होते, हेही खात होते. कुणालाच काही लागलं नव्हतं. पण ह्यांचा हात थांबला. दुपारी ह्यांनी भाताचं पातेलं पडवीत वापरलं होतं आणि नुसतं विसळून परत ठेवलं होतं. ते तसेच उष्ट्या हातानं उठले. एका तांब्यात बाटलीतला एक थेंब टाकला, दुसऱ्यात नुसतं पाणी, तिसऱ्यात थेंबाचाही अंश, आणि माझ्यापुढं ठेवले. मी चाखून तिन्ही ओळखले. त्यांनी घरातल्या सगळ्यांना चाखायला लावलं. कुणालाच फरक कळला नाही.

त्या रात्री ह्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा आनंद बघितला. लग्नातसुद्धा तो दिसला नव्हता. तो आनंद माझ्यासाठी नव्हता, माझ्या जिभेसाठी होता. तेवढं समजायला मला दुसऱ्या दिवसाची सकाळ लागली नाही.

तेव्हापासून रोज सकाळी, तोंडात काहीही पडायच्या आधी, मला पाटावर बसावं लागे. समोर वाट्या मांडलेल्या. एकेक घोट घ्यायचा, घोळवायचा, थुंकायचा, चूळ भरायची आणि कुठला जास्त कडू ते सांगायचं. जीभ मऊ राहावी म्हणून माझं तिखट बंद झालं. चिंच बंद, पान बंद, कांदा बंद. कोल्हापुरात राहून मी दूधभात खात होते. घरात मटणाचा तांबडा रस्सा व्हायचा तेव्हा मी तो ढवळायची आणि वाढायची. कितीही थुंकलं तरी थोडं पोटात जायचंच. पोट दगडासारखं व्हायचं, दिवसभर मळमळायचं. मी सांगितलं तर हे म्हणायचे, "थोडं सोसलं पाहिजे. शास्त्राचं काम आहे."

"शास्त्र तुमचं, पोट माझं," मी एकदा म्हणाले. त्यावर दोन दिवस अबोला. पण सकाळच्या वाट्या काही चुकल्या नाहीत.

सासूबाईंचा राग वेगळाच. उपासाच्या दिवशी सून सकाळीच काहीतरी तोंडात घालते, याचा त्यांना संताप यायचा. "सून आणली का तराजू आणला?" असं त्या शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या. गल्लीच्या टोकाला एक वैद्य राहत. ते ह्यांना रस्त्यात गाठून सांगायचे की आख्ख्या सालीचा गुण आख्ख्या काढ्यात असतो, सत्त्व काढून घेणं म्हणजे गाईचं दूध सोडून शिंग घेणं. हे त्यांना फाडकन उत्तर द्यायचे. पुढं पुढं वैद्यांच्या घरची माणसं आमच्याकडे बघून तोंड फिरवायला लागली आणि नळावर माझी घागर मागं सरकवायला लागली.

मग मला दिवस गेले. तिसऱ्या महिन्यात नुसतं पाणीसुद्धा कडू लागायला लागलं. वाट्या मांडल्या तशी मी म्हणाले, "सगळंच कडू लागतंय." त्यांनी पुन्हा चाखायला लावलं. मी पुन्हा तेच सांगितलं. त्यांनी वाट्या गोळा केल्या, एकीत एक ठेवल्या आणि म्हणाले, "मग आता तुझा काही उपयोग नाही."

हे वाक्य रागानं म्हटलेलं नव्हतं. रागानं म्हटलं असतं तर मी विसरलेही असते.

बाळंतपणाला मी माहेरी गेले. मुलगी झाली. बारशाला हे आले. बायका पाळणा म्हणत होत्या, मी आतल्या खोलीत बसले होते. हे आत आले. मला वाटलं माझी विचारपूस करायला आले असतील. त्यांनी कोटाच्या खिशातून बाटली काढली, वाटीत पाणी घेऊन त्यात थेंब टाकला आणि वाटी माझ्यापुढं धरली. "बघ, आता कळतंय का?"

तेवढ्यात माझी आई दारात आली, अव्वा म्हणायचो आम्ही तिला. ती कधी आवाज चढवायची नाही. "जावईबापू," ती म्हणाली, "बाळंतिणीला काय पाजताय?"

"औषध आहे," हे म्हणाले.

"मग आधी तुम्ही घ्या की."

त्यांनी घेतलं नाही. अव्वा गेल्यावर मी चाखलं. का चाखलं हे मला आजही सांगता येणार नाही. बहुतेक मलाच बघायचं होतं की माझी जीभ परत आली का. आली होती. पण पाणी पूर्वीसारखं कडू नव्हतं.

"पहिल्याइतकं कडू न्हाय हे," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा पडला. मग ते म्हणाले, "बाळंतपणानं जीभ बोथट झाली असेल तुझी."

कोल्हापूरला परतल्यावर मी दर नव्या बाटलीला तेच सांगत राहिले. ताकद कमी झालीय, अजून कमी झालीय. त्यांनी ऐकलं नाही. जीभ त्यांच्या मनासारखं बोलत होती तोवर ती शास्त्राचं हत्यार होती. मनाविरुद्ध बोलायला लागली तशी ती बाळंतिणीची जीभ झाली.

आणि अशातच ह्यांनी कॉलेजात पैज मारल्यासारखं काहीतरी बोलून ठेवलं. दरबारच्या दवाखान्याचे एक डॉक्टर होते, आपल्यातलेच, मोठ्या आवाजाचे. त्यांना ह्यांनी वर्षापूर्वी एक बाटली दिली होती आणि तिचा गुण आला होता. आता ह्यांनी सांगितलं की नवी बाटली तितकीच ताकदवान आहे, दर वेळी तितकीच निघते. साहेब हसला. हे सगळं कडू पाणी आहे, कुणाला काय कळतंय, असं म्हणाला. ह्यांनी सांगून टाकलं, "माझ्याकडे ओळखणारं माणूस आहे."

ते माणूस म्हणजे मी. मला विचारलं नाही, आदल्या दिवशी सांगितलं.

आमच्या घरात बायका परक्या पुरुषांपुढं येत नव्हत्या. सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. "परक्या पुरुषांच्यात, गोऱ्या सायबाम्होरं सून थुंकत बसणार? महाराजांनी शिकिवलं ते ह्यासाठी व्हय रं?" मी नकार दिला नाही. ह्यांच्यासाठी म्हणून नव्हे. मला जायचंच होतं. ज्या जागेचा अपमान रोज आमच्या ताटात पडत होता ती जागा मला बघायची होती.

पडदा लावलेल्या टांग्यातून मागच्या दारानं मला आत नेलं. लांबलचक टेबल, त्यावर काचेची भांडी, आणि भिंतीला टेकून उभे असलेले मास्तर. साहेब इंग्रजीत काहीतरी बोलला तसे सगळे हसले. हे खाली बघत होते. डॉक्टरच मला म्हणाले, "साहेब म्हणतोय, बाईला घरनं पढवून आणलंय. म्हणून वाट्या मी माझ्या हातानं भरल्यात, पलीकडच्या खोलीत. कुठल्यात काय हाय ते माझं मला ठाऊक. तुमच्या मालकांनापण ठाऊक न्हाय. सांगाल न्हवं जे लागंल ते?"

"जे लागंल तेच सांगतो," मी म्हणाले, आणि तोंडावरचा पदर बाजूला केला.

पहिल्या वाटीत पाणी. दुसरीत कडू, पण फिकं. तिसरीत चांगलं कडू. चौथीत पुन्हा पाणी. पाचवी मी दोनदा घोळवली. "ह्यात हाय थोडं," मी म्हणाले. "पाण्याहून जास्त. बाकी काय न्हाय."

डॉक्टर वाट्या घेऊन आत गेले, उलटसुलट करून परत आणल्या. मी पुन्हा सांगितलं. ते आणखी एकदा आत गेले. तिसऱ्या वेळेपर्यंत खोलीत कुणी हसत नव्हतं.

मग डॉक्टरांनी सांगितलं. फिकी आणि कडू, दोन्ही वाट्या त्यांच्याकडच्या जुन्या बाटलीच्या, एकीत कमी थेंब, एकीत जास्त. पाण्याच्या दोन्ही बरोबर. आणि ती शेवटची, जवळजवळ काहीच नसलेली, ती नव्या बाटलीची. तिच्यात कडू वाटीइतकेच थेंब घातले होते.

साहेबानं टाळी वाजवली. एकदाच. मग हातरुमाल काढून चष्मा पुसला.

घरी येताना हे टांग्यात बसले नाहीत, चालत आले. आल्या आल्या म्हणाले, "मुद्दाम केलंस."

"काय मुद्दाम केलं?"

"सगळ्यांपुढं नाक कापलंस माझं. एवढी वर्षं जपलं तुला—"

"मला?" मी म्हणाले. "तुमची बाटलीच कडू न्हाय, त्यात मी काय करू? बारशापास्नं सांगतोय. ऐकलं व्हय तुम्ही?"

"एक शब्द बोलली असतीस तर—"

"खोटं?"

त्यांनी अंथरूण उचलून पडवीत नेलं. तो सगळा पावसाळा ते माझ्याशी बोलले नाहीत. काही लागलं तर सासूबाईंमार्फत. मी समोर उभी असताना म्हणायचे, "आई, तिला सांग पाणी तापव." आणि सासूबाई माझ्याकडे वळून म्हणायच्या, "पानी तापव म्हणतोय." मी तापवायची.

चूक कुठं झाली ते त्यांनी त्या पावसाळ्यातच शोधलं, मला न सांगता. कुडा दोन जातींचा असतो. पांढऱ्या कुड्याची साल कडू, गुणाची ती. काळ्या कुड्याची वाळली की तशीच दिसते, पण तिच्यात काही नसतं. बाजारात व्यापारी दोन्ही मिसळून विकत होते आणि वरून जुनी, बुरशी लागलेली. ह्यांनी वर्षभर तीच उकळली होती. इंग्रज डॉक्टरांनी ती साल कुचकामी ठरवली तीही बहुधा अशीच असणार. म्हणजे ह्यांचा मुद्दा पहिल्यापासून बरोबर होता, आणि तो माझ्यामुळं सिद्ध झाला होता. ही गोष्ट त्यांना सगळ्यांपुढं झालेल्या नाचक्कीपेक्षा जास्त झोंबली असावी.

मग विलायतेत लढाई पेटली. जहाजं येईनात, आंवेवरची परदेशी औषधं मिळेनाशी झाली. डॉक्टर घरी आले, ओसरीवर बसले आणि ह्यांना म्हणाले, "आता तुमचं औषध पायजे. पण एक सांगतो. बाईंच्या तोंडातनं गेल्याबिगर एक बाटली घेणार न्हाय मी."

आत मी ऐकत होते. मग ह्यांचा आवाज आला, "ठीक आहे."

त्यानंतर जी वर्षं गेली त्यांत आम्ही दोघांनी मिळून खूप काम केलं आणि एकमेकांचं तोंड बघितलं नाही. हे गगनबावड्याला, राधानगरीच्या रानात जाऊन स्वतःपुढं साल काढून घ्यायचे. सत्त्व काढायचे. सकाळी वाट्या मांडून माझ्याकडे पाठ करून बसायचे. मी म्हणायची "चालेल" किंवा "न्हाय." 'न्हाय' म्हटलं की त्यांची मान ताठ व्हायची. मी नाकारलेली बाटली ते दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वाटीतून परत ठेवायचे, मला पकडायला. मी दर वेळी ओळखायची आणि म्हणायची, "ही कालचीच." ते वाटी मोरीत ओतायचे. आणि पुन्हा तसंच करायचे.

दवाखान्यात औषधाचा गुण येत होता. सगळ्यांना नाही, पण पुष्कळांना. डॉक्टर कधीमधी येऊन सांगायचे, आणि सांगताना आतल्या दाराकडे बघून मोठ्यानं बोलायचे.

साहेब लढाईवर गेला तो परतला नाही. त्याची जागा ह्यांना मिळाली. दरबारात बोलावून महाराजांनी आपल्या हातानं ह्यांना पागोटं बांधलं. तिथं ह्यांनी भाषण केलं. घरी येऊन सासूबाईंना ते सगळं पुन्हा म्हणून दाखवलं. मी चुलीपाशी होते. "कडूपणा मोजण्याची खात्रीची पद्धत आमच्या प्रयोगशाळेनं बसवली आहे," असं त्यात एक वाक्य होतं. सासूबाईंना त्यातलं काही कळलं नाही. मला कळलं.

पुढं मुंबईहून काचेच्या पेटीतला बारीक तराजू आला. सत्त्व सुकवून त्याचं वजन करता यायला लागलं. एके दिवशी सकाळी मी पाटावर जाऊन बसले तर वाट्या नव्हत्या. हे कोट घालत होते.

"उद्यापासून नको," ते म्हणाले. "गरज नाही."

त्या पाटाचा मी इतकी वर्षं राग केला होता. पण त्या क्षणी मला जो संताप आला तसा आधी कधी आला नव्हता. पोट खराब केलं, तोंडाची चव घालवली, बारशाच्या दिवशी बाटली पुढं केली, आणि आता गरज नाही. म्हणजे ठेवायचं त्यांनी, काढायचंही त्यांनीच. मी दिवसभर धुमसत राहिले. दुसऱ्या दिवशी लुगडं बदललं, लेकीला शेजारणीकडे ठेवलं आणि पायीच दवाखान्यात गेले. पदर डोक्यावर होता, तोंडावर नव्हता.

डॉक्टरांना म्हणाले, "काढ्यासाठी तुमच्याकडं सालीची पोती येतात. ती कोण बघतं?"

"कोण न्हाय," ते म्हणाले. "व्यापारी सांगतोय तेच खरं."

"मी बघतो. मला कामावर घ्या."

त्यांनी घेतलं. घरी रामायण झालं. "घरची बाई दवाखान्यात बसून साली चघळणार?" हे म्हणाले.

"बसणार," मी म्हणाले.

मला वाटलं सासूबाई आडव्या येतील. त्या म्हणाल्या, "जाऊ दे तिला. दिसभर हितं तिचं त्वांड बघण्यापरीस बरं."

दवाखान्याच्या कोठीत मी बसायला लागले तसे व्यापारी माझ्यावर तुटून पडले. मी पोत्यात हात घालून तळातली साल काढायची, दातांनी तोडायची आणि काळी असेल तर पोतं बाहेर काढायची. गंगावेशीतला एक मोठा व्यापारी भर कोठीत ओरडला, "ही बाई न्हवं, चेटकीण हाय! जिभंनं पोटावर पाय देती लोकांच्या." एकदा आमच्या उंबऱ्यावर कुणीतरी घाण आणून टाकली. मी पाणी ओतून ती धुतली आणि कामावर गेले. त्या आठवड्यात त्या व्यापाऱ्याची दोन पोती परत पाठवली, कारण दोन्ही काळ्या कुड्याची होती.

कॉलेजाला साल लागायची ती दरबारनं आता याच कोठीतून द्यायची ठरवली. शिपाई येऊन घेऊन जायचा. एकदा उन्हाळ्याच्या अखेरीला शिपाई आजारी होता की काय, हे स्वतः आले. पागोटं, लांब कोट. पुढं साल न्यायला आलेली तीन-चार माणसं होती, त्यांच्या मागं ते रांगेत उभे राहिले. मी मान वर केली नाही. त्यांची पाळी आली.

"कॉलेजला साल पाहिजे," ते म्हणाले. मी कामाला लागल्यापासून घरी आम्ही बोलत नव्हतो, त्याला तेव्हा बरेच महिने झाले होते.

"तराजू हाय न्हवं तुमच्याकडं?" मी विचारलं.

त्यांनी कोपऱ्यातल्या पोत्याकडे बोट दाखवलं. "हे चालेल का?"

मी उठले, पोत्याच्या तळातून एक तुकडा काढला, चावला आणि बाजूला थुंकला.

"न्हाय."

"आणि ते?"

त्यातलाही चावला. "ते पण न्हाय. बावड्याची गाडी यायचीय. पुढल्या आठवड्यात या."

ते वळले आणि पायऱ्या उतरून उन्हात गेले. मी चूळ भरली आणि मागं उभ्या असलेल्या माणसाला म्हणाले, "हं, बोला पावणं, तुम्हाला काय पायजे?"